आचारसंहितेत बंदूक ठेवायची कुठे? फोर्टातल्या एका दुकानाचा अनुभव

सेवा: निवडणुकीच्या काळात परवान्याची बंदूक सांभाळून ठेवणे. पाचपैकी चार तारे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण शेठनीच हात जोडून सांगितलंय, "ताई, आमच्या धंद्यात जाहिरात म्हणजे डोकेदुखी." ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना दुकान सापडेल. नसेल त्यांना पत्त्याची गरज नाही.

मी त्रेसष्ट वर्षांची, विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त. माझ्याकडे बंदूक आहे म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतो, मग तोंडाकडे. ती बाबांची दुनळी, १२ बोअर. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, बाबांची शिकार संपली, आणि तेव्हापासून आमच्या घरी बंदुकीला वर्षातून दोनदा तेल आणि एकदा झेंडूचं फूल मिळतं. बाबा थकल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. मालक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं की ते वारसाकडे देता येतं, अशी सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. भावाला नको होती. मला टाकवेना.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. सकाळी मी नेहमीप्रमाणे बंदुकीला फूल वाहिलं, आणि रात्री टीव्हीवर बातमी, वांद्र्यात बाबा सिद्दीकींना गोळ्या घालून मारलं. फूल अजून दस्त्यावर होतं, ते मी का कोण जाणे काढून ठेवलं. मंगळवारी, १५ तारखेला, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. दोन दिवसांत बीटचे हवालदार दारात: "मॅडम, हत्यार जमा करायचंय."

आता इथे थोडं कायद्याचं बोलते, कारण दुकानात बसलेल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं. सगळ्यांनी सरसकट हत्यारं जमा करावीत असं निवडणूक आयोग म्हणत नाही. हा वाद आपल्या उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेला होता. त्यानंतर, २००९ पासून, छाननी समितीने एकेक परवाना बघायचा असं ठरलं. जो जामिनावर आहे, ज्याच्यावर गुन्ह्यांचा इतिहास आहे, जो पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत होता, त्याचं हत्यार आधी घ्यायचं. माझ्यावर आजवर एकच कारवाई झालीय, चर्चगेटला दुसऱ्या वर्गाच्या पासावर पहिल्या वर्गात चढले म्हणून. तरी नोटीस मला दर निवडणुकीला येते.

त्याच वर्षी लोकसभेच्या वेळी मी बंदूक एका पोलीस ठाण्यात ठेवली होती. मतदान २० मे, निकाल ४ जून. निकालानंतर आठवड्याने हत्यार परत द्यायचं असतं, म्हणजे नेमकं पाऊस सुरू होताना. परत मिळाली तेव्हा डाव्या नळीच्या तोंडाशी नखाएवढा गंज, आणि दस्त्याला दुसऱ्याच कुणाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. ती सोडवून माझी शोधण्यात सव्वा तास गेला. कुणावर राग नाही. त्या खोलीत आमच्या बंदुका, जप्तीच्या मोटरसायकलींच्या बॅटऱ्या आणि गुटख्याची पोती एकत्र नांदत होती. पण बाबांनी चाळीस वर्षांत येऊ दिला नाही तो गंज एका निवडणुकीत आला, म्हणून या खेपेला दुकान.

परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र ठेवता येतं, त्याची पावती ठाण्यात द्यायची. हवालदारांनीच हे सांगितलं, आणि जाताना हळूच म्हणाले, "बरंच होईल, आमच्याकडं जागा नाय."

बंदूक लोकलने नेणं मला जमलं नसतं. टॅक्सी केली. गवसणी मागच्या सीटवर आडवी. माहीमच्या सिग्नलला ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "सितार है क्या, माँजी?" मी "हां" म्हटलं. पुढे वरळीपर्यंत त्याने मला त्याच्या मुलीच्या हार्मोनियमच्या क्लासची फी, बाईंचा स्वभाव आणि परीक्षेचा निकाल सांगितला. उतरताना म्हणाला, "कभी सुनाइए."

दुकान जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, वर पोटमाळा. लोखंडी जाळीचं दार, आत दुसरं दार, मधे उभं राहून परवाना दाखवायचा. काउंटरवर जे म्हातारे गृहस्थ असतात त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी गवसणीचे बंद सोडले, बंदूक बाहेर काढली आणि पहिल्यांदा काय केलं तर नळ्या भिंतीकडे करून ती उघडली. दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघितलं, मग करंगळी घालून बघितलं. मी म्हटलं, "रिकामीच आहे हो." ते म्हणाले, "सगळ्यांचीच रिकामी असते." मग नंबर. नळीवरचा, आतल्या बाजूचा आणि परवान्यावरचा, तिन्ही मोठ्याने वाचले, समोरच्या पोऱ्याने वहीत लिहिले आणि उलट वाचून दाखवले. काडतुसं अकरा, खडकीच्या कारखान्यातली, एकेक करून फेल्टवर उभी केली. एकाचं पितळ हिरवट पडलेलं, ते बाजूला: "हे वापरू नका." मी आयुष्यात एकही वापरलेलं नाही, पण मान डोलावली. मग तो गंज त्यांना दिसला. बोलले काहीच नाहीत. अंगठ्याचं नख त्यावरून एकदा फिरवलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला आमच्या शाळेत नखं तपासायच्या बाई आठवल्या.

दावे विभागात तीस वर्षं काढल्यामुळे कागद मला कळतो. पावती तीन प्रतींत, कार्बनची, त्यात शस्त्राची अवस्था लिहिलेली: "डाव्या नळीस अग्रभागी गंज, दस्त्यास जुना ओरखडा." हे ठाण्याच्या पावतीवर नव्हतं. नुसतं "बंदूक १ नग" होतं. महिन्याचे सहाशे रुपये आणि साफसफाईचे वेगळे. पैसे फक्त रोख. मोबाइलवरून घेत नाहीत, दीड ते तीन जेवायची सुट्टी, आणि त्या दोन दारांच्या मधे उभं राहून थांबावं लागतं. माझा एक तारा तिथे गेला.

पण खरी सेवा म्हणजे आतलं बाकडं. निवडणूक जाहीर झाल्यावरच्या आठवड्यात त्या बाकड्यावर जी माणसं बसतात ती एरवी एकमेकांना भेटणार नाहीत. एक साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार, आता एका पेढीवर रखवालदार. एक जण सोन्याचांदीचे व्यापारी, सतत घड्याळ बघणारे. आणि एकोणीस वर्षांची एक मुलगी, वरळीच्या रेंजवर सराव करणारी, ती फक्त छर्रे घ्यायला आली होती. स्पर्धेतल्या नेमबाजांना जमा करण्यातून सूट असते. त्यामुळे ती आमच्याकडे जरा दयेने बघत होती. तिनेच विचारलं, १२ बोअर म्हणजे बारा काय? मास्तरांनी हातातलं काम न सोडता सांगितलं: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती १२ बोअर. पोरगी म्हणाली, "म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक?" "हो. उलटा हिशोब." सुभेदार म्हणाले, "पुढाऱ्यांच्या आश्वासनासारखा." इथून गाडी उमेदवारांवर आली.

सुभेदारांचं म्हणणं, मतदान करताना ते एकच बघतात, उमेदवाराच्या आजूबाजूला किती हत्यारी माणसं उभी असतात. त्यांनी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या दोन गोष्टी काढल्या. उल्हासनगरला हिललाईन पोलीस ठाण्यात, चक्क वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला आणि सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला अटक झाली. पुढच्याच आठवड्यात दहिसरला फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना एका माजी आमदाराच्या मुलाला, तो स्वतः पूर्वी नगरसेवक, गोळ्या घातल्या. तिथलं पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर, परवान्याचं. सुभेदार गुडघ्यावर हात आपटून म्हणाले, "हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलंच कसं? आमच्याकडं रायफल हातातून सुटली तर पंधरा दिवस कोठडी."

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. त्याच्याकडे बंदुकीवरून उमेदवार पारखणं फार सोपं आहे असं त्याला वाटतं. तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे, आणि नॅशनल रायफल असोसिएशन ही १८७१ ची संघटना उमेदवारांना बंदुकीच्या प्रश्नावर शाळेसारखे ए पासून एफपर्यंत शेरे देते. बंदुकांवर बंधनं हवी म्हणणाऱ्या संघटनाही आपली यादी काढतात. एकाच माणसाला इकडे ए आणि तिकडे शिव्या, म्हणजे मतदाराला काय ते समजतं. मी हे बाकड्यावर सांगितलं तर मुलगी म्हणाली, "आमचीपण रायफल असोसिएशनच आहे." आहे खरी. भारताची १९५१ ची, आणि तिचे संस्थापक अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. पण ती स्पर्धा भरवते, उमेदवारांना शेरे देत नाही. शेरे आपले आपणच द्यायचे.

म्हणून मी ठरवलं, प्रचाराला येईल त्याला विचारायचं. मी राहते ते उपनगर मुद्दाम लिहीत नाही, कारण आता उमेदवार येणार.

पहिले आले ते मोठ्या पक्षाचे, वीस-पंचवीस माणसं, ढोल. लिफ्टपाशी गाठले. "शस्त्र परवान्यांबद्दल तुमची भूमिका काय?" ते एक क्षण थांबले, मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "ताई, परवाना पाहिजे का? कार्यालयात या, पत्र देतो." मागच्या माणसाने माझा मोबाइल नंबर लिहूनही घेतला. दुसरे आले रविवारी. ते म्हणाले, "महिला सुरक्षेला आमचं प्राधान्य आहे, तुमच्या गल्लीत सीसीटीव्ही लावतो." मी बंदुकीचं विचारत होते. त्यांनी कॅमेरे दोनावरून चारावर नेले. तिसरा अपक्ष, पोरसवदा, स्वतःची पत्रकं स्वतः वाटत होता. तो म्हणाला, "काकू, खरं सांगू का, मी विचार केलेला नाही. पण तो विषय केंद्राचा ना?" पहिल्यांदा कुणीतरी अभ्यासाचं बोललं. शस्त्रं आणि दारूगोळा केंद्राच्या सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे, कायदा संसद करते. पण परवाना देणारा मुंबईत पोलीस आयुक्त, आणि पोलीस राज्याच्या सूचीत. म्हणजे आमदाराला यात तोंड उघडायला भरपूर जागा आहे. हे मी त्याला सांगितलं. त्याने पत्रकाच्या मागे लिहून घेतलं. अर्धा शेरा जास्त दिला.

भाषणात नाही तर कागदात, म्हणून मी शपथपत्रं काढली. आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांची असतात, नमुना २६, फुकट. फार लोक वाचत नाहीत याचं मला नवल वाटतं. दुसऱ्याच्या घरातलं सोनं किती ते आपण लग्नात माना उंचावून बघतो, इथे नोटरीच्या शिक्क्यासह लिहिलेलं आहे. बंदूक सापडते जंगम मालमत्तेत, दागिन्यांच्या शेजारी किंवा "इतर" मध्ये. कॅमेरेवाल्यांकडे एक रिव्हॉल्व्हर निघालं. पत्नीच्या रकान्यात आणखी एक. पत्रवाल्यांकडे काहीच नाही. म्हणजे ज्याच्याकडे घरात दोन, तो बोलतो कॅमेऱ्यांवर. आणि ज्याच्याकडे एकही नाही, तो वाटतो शिफारशी. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना तीनाऐवजी पाच वर्षांचा झाला, तेव्हा नवराबायको मिळून चार, हा हिशोब कॅमेरेवाल्यांनी केला असणार.

गुन्ह्यांचा रकाना वाचताना मात्र जपून. तिथे "महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१), १३५" दिसलं की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच बोंब, "बघा, हत्यारबंदी मोडलीय!" कलम हत्यारबंदीचंच आहे, पण मुंबईत ज्याने ज्याने मोर्चा काढलाय त्याच्या नावावर ते असतं. अपक्ष पोराच्या नावावरही होतं, पाण्याच्या मोर्चाचं. बघायचं ते शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २५ किंवा २७ आहे का. दाव्याच्या फायलीतही हेच असायचं. घाबरवणारा शब्द पहिल्या पानावर आणि मतलबाची ओळ सातव्या.

निकालानंतर आठवडा सरला आणि सोमवारी, २ डिसेंबरला, मी परत दुकानात. सुभेदार आधीच बाकड्यावर. आता विषय हक्काचा. सोन्याचे व्यापारी म्हणत होते की आपलं रक्षण करायला बंदूक हा घटनेने दिलेला हक्क आहे, सरकार नुसतं अडवतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुम्ही कराचीत असता तर बरोबर होतं. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. लिटनच्या १८७८ च्या कायद्याने गोऱ्यांना सूट दिली आणि आपल्यावर परवान्याची सक्ती केली होती, त्याचा तो राग. पण डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सदस्य ह. वि. कामतांनी हाच हक्क घालायची दुरुस्ती मांडली तेव्हा आंबेडकरांनी विरोध केला आणि ती पडली. आज एकोणिसाव्या कलमात शस्त्राचा उल्लेख आहे तो एवढाच: शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. व्यापारी म्हणाले, "बाई, तुम्ही बंदूक घेऊन असं बोलता?" हो. माझ्याकडे आहे म्हणूनच बोलते. ती घरात असली की मी रात्री दोनदा उठून कपाटाची कडी बघते. हे प्रत्येकाला जमेल असं मला वाटत नाही, मलाच अलीकडे जमत नाही.

मग माझी तक्रार काय? ती आप्पाची. आप्पा माझा चुलतभाऊ, कुडाळजवळ असतो, त्याच्याकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. १५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर म्हणजे कोकणात भातकापणी. नेमकी त्याच वेळी बंदूक ठाण्यात. त्याचा फोन आला होता: "गो ताई, भात कापूक इला आणि बंदूक नेऊन दिलंय. डुकरांक कोण सांगतलो आचारसंहिता?" तो रात्री पत्र्याचा डबा वाजवत मळ्यात बसला होता. एकेक परवाना बघा असं २००९ पासून कागदावर असताना आप्पाचा परवाना कुणी बघितला असता तर पाच मिनिटांत समजलं असतं की त्या बंदुकीत दारू ठासून, गज मारून, गोळी सोडायच्या आत मतदान संपेल. मी एकाही उमेदवाराच्या तोंडून, मुंबईत नाही की आप्पाच्या तालुक्यात नाही, हा मुद्दा ऐकला नाही. तो जो मांडेल त्याला मी ए देईन, पक्ष न विचारता.

शेठना मी एक आगाऊ प्रश्न विचारला. म्हटलं, उमेदवारांची हत्यारंही तुमच्याकडेच येत असतील, कोण पहिल्या दिवशी आणतं आणि कोण तीनदा फोन केल्यावर, एवढं तरी सांगा. शेठनी उघडी वही हळूच पालथी घातली आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. "ताई, तुमची इथे आहे हे मी कुणाला सांगितलं का?" चार तारे इथे पक्के झाले.

मास्तरांनी बंदूक आणली. पुन्हा उघडली, करंगळी, तीन नंबर, दहा काडतुसं, आणि अकरावं हिरवं वेगळ्या पुडीत, त्यावर लिहिलेलं "बाद". गंज गेला होता. त्या जागी धातू बाकीच्या नळीपेक्षा किंचित उजळ, बोटाला गार लागणारा. साफसफाईचे साडेतीनशे. पावतीवर त्यांनी "गंज काढला, खूण राहील" असं लिहून माझी सही घेतली.

टॅक्सीत बसले, गवसणी मांडीवर आडवी, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. "ताई, साहेबांच्या कार्यालयातून बोलतोय. तुमचं परवान्याचं शिफारसपत्र तयार आहे, कधी येता?" मी सांगितलं, अहो, परवाना आहे माझ्याकडे, बंदूकही आहे, आत्ता मांडीवर आहे. पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "मग दुसरीसाठी ठेवा. दोन चालतात."